आजारी आमरीची शुश्रूषा

नांदेड व लातूर येथील पुष्कळ दिवाणखान्यांत हल्लीं आमरीची, म्हणजे ऑर्किडची, एखादी कुंडी दृष्टीस पडते. वाढदिवसास किंवा वास्तुशांतीस ती भेट म्हणून येते, दोन-अडीच महिने फुललेली राहते, आणि मग एके दिवशीं तिचीं पानें मऊ पडून सुरकुततात. घरांतील मंडळी म्हणतात, बिचारीस पाणी कमी पडलें. सकाळीं एक तांब्या, सायंकाळीं दुसरा, असा उपचार सुरू होतो व थोड्याच दिवसांत रोप जातें. ज्या लातुरास २०१६ सालच्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें एखादें झाड पाण्यानेंच बुडून मरावें, ही गोष्ट विपरीत खरी. पण ती घडते.

बाजारांत येणारी ही आमरी बहुधा फॅलेनॉप्सिस जातीची असते. फिलिपाईन्स, इंडोनेशिया येथील उष्ण व दमट अरण्यांत तिचे भाईबंद झाडांच्या फांद्यांस बिलगून राहतात. म्हणून तिला बांडगूळ समजूं नये. ती झाडाचा रस शोषीत नाहीं, केवळ आसरा घेते. आपल्या रानांतही आंब्या-बाभळींवर वांदा नांवाची आमरी वाढते, आणि तिच्या कुलाचें व्हँडा हें शास्त्रीय नांव संस्कृतांतूनच घेतलेलें आहे. अशा आमरींच्या मुळांवर निर्जीव पेशींचें स्पंजासारखें आवरण असतें. पाऊस येतांच तें पाणी टिपून घेतें व वाऱ्यानें लौकरच सुकतें. कोरडें असतां तें रुपेरी, ओलें होतांच हिरवट दिसतें. हेंच मूळ रात्रंदिवस ओलें राहिलें तर त्यास हवा मिळत नाहीं, तें कुजतें. आणि कुजलेलें मूळ पाणी ओढूं शकत नाहीं. म्हणून कुंडी भिजलेली असतांही पानें तहानलेलीं दिसतात.

तेव्हां पान सुरकुततांच तांब्या न उचलतां रोप कुंडींतून काढून पाहावें. विकत आलेल्या रोपाच्या मुळांभोंवतीं बहुधा शेवाळाचा गोळा घट्ट बसविलेला असतो. वरून तो कोरडा भासला तरी गाभ्यांत ओल दडून राहते. तो सगळा बोटांनीं हळूहळू सोडवावा. दाबून पाहतां टणक लागणारें मूळ जिवंत. तपकिरी, पोकळ, चिमटींत सालच हातीं देणारें मूळ मेलेलें. कात्री ज्योतीवर तापवून निववावी आणि मेलेलीं मुळें निर्दयपणें कापावीं. येथें दया दाखविणें म्हणजे कुज पुढें धाडणें होय. दोन-तीन मुळें शाबूत असलीं तरी आशा आहे. आजारी रोपावर फुलाचा दांडा असल्यास तोही कापावा. लोकांस हें जड जातें.

रोप दिवसभर सावलींत सुकूं द्यावें. नवी कुंडी मातीची, भोंकांची, आणि मुळें जेमतेम मावतील एवढीच असावी. तींत लोणारी कोळसा, विटांचे खडे व आधीं भिजवून धुतलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे सुपारीएवढे करून भरावे. काळी माती मराठवाड्याची लक्ष्मी खरी, परंतु आमरीस ती चिमूटभरही नको. रोप डुलूं नये म्हणून काडीस बांधावें, व पहिलें पाणी दोन-तीन दिवसांनीं द्यावें.

पुढें मुळें रुपेरी झालीं कीं सकाळीं पाणी घालून निथळूं द्यावें. पानांच्या बेचक्यांत तें सांचूं देऊं नये. कूपनलिकेचें क्षारयुक्त पाणी नित्य घातल्यास मुळांवर पांढरा थर चढतो. त्यापेक्षां पागोळीचें पाणी साठवावें. कुंडी पूर्वेच्या खिडकींत, कोवळ्या उन्हांत ठेवावी. कूलरच्या थेट झोतांत मात्र ठेवूं नये. ही वनस्पति आपलीं पर्णरंध्रें मुख्यतः रात्रीं उघडते, आणि रात्रभर वेगाचा वारा लागल्यास तिची ओल उडून जाते. कुंडी बदलण्यास मृगाचा पाऊस पडल्यानंतरचा काळ उत्तम. वैशाखांत तें काम टाळावें. मुळें कुजलींच असतील तर मात्र मुहूर्त पाहूं नये.

सुरकुतलेलीं जुनीं पानें पूर्ववत् होतीलच असें नाहीं. नजर ठेवावी ती हिरव्या टोकाच्या नव्या मुळाकडे. तें दिसल्यावरच खत द्यावें, तेंही सांगितलेल्या प्रमाणाच्या चतुर्थांश.