दोन तिकिटे आणि मधली वाट



दिवाळी आटोपली की आपल्या मंदिरात आरतीनंतर एकच बोलणे सुरू होते : यंदा भारतात कधी जाणार, तिकीट केवढ्याला मिळाले, मध्ये कुठे उतरायचे. ज्याला सगळ्यांत स्वस्त मिळाले त्याचे कौतुक होते. आज त्या स्वस्त तिकिटाविषयीच थोडे लिहायचे आहे. गेल्या हिवाळ्यात आपल्यातल्याच एका काकूंना जो त्रास झाला, तो पुन्हा कुणाला होऊ नये एवढाच हेतू. नाव न घालता लिहायला काकूंनी परवानगी दिली आहे.

काकूंचे वय ७६. नागपूरला त्यांचे थोरले बंधू वारले. मुलाला रजा मिळेना, म्हणून काकू एकट्याच निघाल्या. निदान तेराव्याला तरी आपण तिथे असावे, एवढीच इच्छा. मुलाने रात्री बसून तिकिटे शोधली. नेवार्कहून आखातातल्या एका शहरामार्गे मुंबई, हे एका कंपनीचे तिकीट. मुंबई ते नागपूर, हे दुसऱ्या कंपनीचे. दोन्ही वेगवेगळी काढल्याने सुमारे २०० डॉलर वाचले. तेराव्याच्या आदल्या दिवशी दुपारी अडीचला मुंबईत उतरायचे आणि साडेपाचला नागपूरचे विमान. मध्ये तीन तास. कागदावर सगळे ठीक दिसत होते.

आखातातून निघतानाच विमानाला दीड तास उशीर झाला. काकू मुंबईत चार वाजता उतरल्या. मग पासपोर्टची रांग, मग पट्ट्यावर बॅगांची वाट. दाराबाहेर आल्या तेव्हा पाच वाजले होते. नागपूरच्या विमानाचा काउंटर साडेचारलाच बंद झाला होता, आणि तो होताही दुसऱ्या टर्मिनलवर. व्हीलचेअर ढकलणारा मुलगा भला होता, पण पहिल्या कंपनीने दिलेले त्याचे काम त्या दारापाशी संपत होते. काकूंना खुर्चीवरून उतरवून, नमस्कार करून तो परत गेला. आता काकू आणि दोन मोठ्या बॅगा, फुटपाथवर. अमेरिकेचा फोन चालेना. विमानतळाचे वाय-फाय ओटीपी मागे आणि तो काही येईना. निघण्याच्या टर्मिनलमध्ये शिरावे, तर दारावरचा जवान चालू तिकीट मागणार. हातातले तिकीट तर गेलेले.

शेवटी एका अनोळखी कुटुंबाने आपल्या फोनवरून नागपूरला भाचीला फोन लावून दिला. तिने नवे तिकीट काढले. सकाळच्या विमानात जागा नव्हती, दुपारचे मिळाले. त्यावर जादा सामानाचे पैसे वेगळे. काकू घरी पोहोचल्या तेव्हा चार वाजले होते. पंगत उठली होती. "पैशांचे काही नाही हो," काकू मला म्हणाल्या, "पण दादाच्या तेराव्याला मी विमानतळावर होते."

असे का होते?

यात दुसऱ्या कंपनीने काही वेडेवाकडे केले का? नियम पाहिला तर नाही. साताऱ्याहून एसटीने पुण्याला यावे आणि पुणे स्टेशनावरून रेल्वे पकडावी, तसेच हे. एसटी घाटात अडकली म्हणून रेल्वे थांबत नाही. कंडक्टर रेल्वेचे पैसे देत नाही आणि रेल्वेचा तिकीट तपासनीस एसटीचे ऐकून घेत नाही. दोघांनी आपापले काम केलेले असते. मधली वाट मात्र प्रवाशाची.

संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर मधली वाट कंपनीची असते. विमाने दोन कंपन्यांची असली तरी चालते, कारण त्यांचा आपापसांत करार असतो. पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचे चुकले, तर पुढच्या विमानात जागा देणे त्यांच्याकडे येते. त्यासाठी नवे भाडे पडत नाही. तिकिटे वेगळी असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने आपण आलोच नाही. मग ते तिकीट वाया जाते, आणि त्याच तिकिटावर परतीचा प्रवास असेल तर अनेक कंपन्या तोही रद्द करतात.

एक गैरसमज इथेच दूर करतो. "दोन्ही कंपन्या एकाच संघातल्या आहेत, म्हणजे काळजी नाही," असे बरेचजण सांगतात. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, हे खरे. पण तिकिटे वेगळी काढली, तर संघ एक असूनही पुढची जागा मिळण्याची हमी नसते. उलट इंडिगो अशा कोणत्याही मोठ्या संघात नाही, तरी काही परदेशी कंपन्यांशी तिचा करार आहे. त्या कंपनीकडून सगळा प्रवास एकत्र घेतला, तर इंडिगोचे विमानही त्याच तिकिटात येऊ शकते. म्हणून विमानावरचे नाव पाहू नका, तिकीट एक की दोन ते पाहा.

एक तिकीट की दोन, हे कसे ओळखावे?

तिकिटावर पीएनआर नावाची सहा अक्षरांची खूण असते. सगळ्या टप्प्यांना एकच पीएनआर आणि एकच तिकीट क्रमांक असेल, तर बहुधा तिकीट एक आहे. तिकीट क्रमांक तेरा आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे असतात : एअर इंडियाचे ०९८, युनायटेडचे ०१६, एमिरेट्सचे १७६. दोन टप्प्यांना दोन वेगळे क्रमांक दिसले, तर मुलांना विचारा. तिकीट विकणाऱ्या काही संकेतस्थळांवर "सेल्फ ट्रान्स्फर" असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. त्याचा अर्थ, मध्ये तुमचे तुम्ही बघा.

एजंटाकडून तिकीट घेत असाल, तर तीन प्रश्न विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. सगळा प्रवास एकाच तिकिटावर आहे का? पहिले विमान उशिरा आले, तर पुढची जागा कोण देणार? आणि सामानाचे किती किलो शेवटच्या गावापर्यंत चालतील?

सामानाचा हिशेब

तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. अमेरिकेहून भारतात जाताना बऱ्याच कंपन्या २३ किलोच्या दोन बॅगा, म्हणजे ४६ किलो नेऊ देतात. भारतातल्या देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुधा १५ किलोच चालतात. एकच तिकीट असेल, तर सहसा ४६ किलो शेवटपर्यंत धरले जातात. तिकिटे वेगळी असतील, तर ३१ किलोंचे पैसे काउंटरवर मोजावे लागतात. तिथे वाचलेले डॉलर इथे निघून जातात. काही कंपन्या परदेशाहून आलेले तिकीट दाखवल्यास सवलत देतात. आधी विचारून ठेवा.

नेवार्कला बॅग दिल्यावर तिच्या पट्टीवरची तीन अक्षरे वाचा. मुंबईची खूण बी-ओ-एम, नागपूरची एन-ए-जी. बी-ओ-एम असेल, तर बॅग मुंबईलाच उतरणार आणि तुम्हालाच उचलायची. एकाच तिकिटावरही भारतात पहिल्या विमानतळावर कस्टमसाठी बॅग घ्यावी लागू शकते, म्हणून काउंटरवर स्पष्ट विचारा. अमेरिकेत परत येताना पहिल्या विमानतळावर बॅग घेऊन पुन्हा द्यावी लागते, हे बहुतेकांना ठाऊक आहेच. बॅग घेऊन पुन्हा आत जाताना सुरक्षा तपासणीही पुन्हा होते. तेव्हा विमानात मिळालेली पाण्याची बाटली किंवा हातातल्या पिशवीतला तुपाचा डबा अडतो.

शहर एक, विमानतळ दोन

तिकिटावर नुसते "मुंबई" वाचून थांबू नका. टर्मिनल २ सहारला आणि टर्मिनल १ सांताक्रूझला आहे. दोन्हींमध्ये रस्त्याने चार-पाच किलोमीटर अंतर आहे. शिवाय डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचे विमानतळही सुरू झाले आहे. त्याची खूण एन-एम-आय. सहारला उतरायचे आणि पुढचे विमान नवी मुंबईहून, असे तिकीट निघाले, तर मध्ये मुंबईची सगळी वाहतूक उभी. गोव्यातही तसेच : दाबोळीची खूण जी-ओ-आय, मोपाची जी-ओ-एक्स. दोन टोकांची दोन विमानतळे.

मधल्या देशाचा व्हिसा

वेगळ्या तिकिटांवर मध्ये बॅग उचलायची, तर त्या देशात प्रवेश करावा लागतो. लंडनचे उदाहरण घ्या. अमेरिकी पासपोर्टवर तिथे बॅग घेण्यासाठी बाहेर यायचे असेल, तर जानेवारी २०२५ पासून ईटीए नावाची परवानगी आधी ऑनलाइन काढावी लागते. आपल्यातले अनेक ज्येष्ठ ग्रीन कार्डावर आहेत आणि त्यांचा पासपोर्ट भारतीय आहे. त्यांचे नियम देशागणिक वेगळे असतात. तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहा. कागद नसेल, तर नेवार्कलाच विमानात बसू देणार नाहीत.

वेगळी तिकिटे घ्यावीच लागली तर

कधी दुसरा मार्गच नसतो, किंवा पैशांचा फरक खरोखरच मोठा असतो. मग मधली वाट आपली आहे असे समजूनच तयारी करावी.

१. मध्ये तीन-चार तास ठेवू नका. एक रात्र ठेवा. नातेवाइकांकडे किंवा विमानतळाजवळ मुक्काम करून सकाळी ताजेतवाने पुढे निघा. लग्न, मुंज, तेरावे अशी ठरलेली तिथी असेल, तर हे टाळू नका.

२. परतीला अधिक जपा. नागपूरचे विमान रद्द झाले आणि मुंबईहून अमेरिकेचे चुकले, तर नवे तिकीट फार महाग पडते. आदल्या दिवशीच मुंबई गाठा.

३. व्हीलचेअर दोन्ही कंपन्यांकडे स्वतंत्र मागा. एकीला सांगितलेले दुसरीला कळत नाही. मधल्या दारापासून दुसऱ्या काउंटरपर्यंत कोण सोबत असणार, हे नाव आणि फोन नंबरासह आधी ठरवा.

४. पहिल्याच विमानाला उशीर झाला, तर दुसरे विमान सुटण्यापूर्वीच त्या कंपनीला फोन करा किंवा मुलांना करायला सांगा. विमान सुटण्याआधी तिकीट बदलता आले तर काही पैसे वाचतात. सुटल्यावर बहुधा काहीच हाती लागत नाही.

५. उशिराचे पत्र पहिल्या कंपनीकडून लेखी घ्या. प्रवास विमा असेल तर ते लागते. पण वेगळ्या तिकिटांमुळे विमान चुकल्यास पैसे मिळतील का, हे विमा घेतानाच विचारा. पुष्कळ पॉलिसींत मिळत नाहीत.

६. औषधे हातातल्या पिशवीत, चार दिवस जास्तीची. जवळच्या तीन माणसांचे नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत. भारतात चालणारे सिम किंवा रोमिंग निघण्यापूर्वीच सुरू करून घ्या.

आणि तिकीट काढून झाले असले, तरी एक दार उघडे असते. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे प्रवासाच्या निदान सात दिवस आधी थेट विमान कंपनीकडून तिकीट घेतले, तर कंपनीला एक सोय द्यावीच लागते : एकतर पैसे न भरता २४ तास भाव राखून ठेवणे, नाहीतर २४ तासांच्या आत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत करणे. एजंट किंवा इतर संकेतस्थळांना हा नियम लागू होईलच असे नाही. म्हणून तिकीट हाती आले की त्याच दिवशी कुणा जाणकाराला दाखवा.

विनंती

ते जाणकार मिळावेत, म्हणून मंदिरात रविवारी आरतीनंतर एक टेबल मांडायचा विचार आहे. ज्येष्ठांनी आपले तिकीट छापून आणावे, आम्ही दोघे-तिघे ते वाचून देऊ. त्यासाठी प्रवासाची माहिती असलेले आणखी स्वयंसेवक हवे आहेत. महिन्यातून एक रविवार दिलात तरी पुरे.

दुसरी विनंती अशी. मुंबई, पुणे, दिल्ली, हैदराबाद येथे आपले कुणी नातेवाईक असतील आणि अडलेल्या वृद्ध प्रवाशाला विमानतळावर भेटायला किंवा एक रात्र घरी ठेवून घ्यायला तयार असतील, तर त्यांची परवानगी घेऊन त्यांची नावे मंदिराच्या कार्यालयात द्यावीत. यादी कार्यालयातच राहील.

तिसरी विनंती देणगीची. घरात मृत्यू झाला की तिकीट त्याच दिवशी काढावे लागते आणि तेव्हाच ते सर्वांत महाग असते. स्वस्तासाठी दोन तिकिटे काढण्याची पाळी अशाच वेळी येते. एकट्या राहणाऱ्या, पेन्शनवर भागवणाऱ्या सभासदांना त्या वेळी एकसंध तिकीट घेता यावे, म्हणून सहाय्य निधीतून भाड्यातला फरक देण्याचे मनात आहे. यथाशक्ती हातभार लावावा. रक्कम लहान असली तरी संकोच करू नये.

या निधीतली पहिली देणगी काकूंनीच दिली आहे. २०० डॉलर.

सर्वांचा प्रवास सुखाचा होवो.

आपला नम्र,
मंदिराचा एक स्वयंसेवक