मधल्या रस्त्याचा मालक

लातूरच्या आडत बाजारात तुरीचा भाव विचारला तर हल्ली उत्तरात परदेशही येतो. लाल, पांढरी, बदनापूरची ७११ ही आपली तूर. तिच्या जोडीला ‘लेमन’, ‘अरुषा’, ‘गजरी’ ही नावे डाळमिलवाल्यांच्या तोंडी असतात. लेमन म्यानमारची, अरुषा टांझानियाची, गजरी मोझांबिक-मलावीच्या बाजूची. खरेदीदार ढिगात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर पसरतो, ओल आणि डागी दाणा पाहतो, एखादा दाणा दाताखाली फोडतो. पण बोली करण्याआधी गजरी मुंबईच्या बंदरात काय भावाने पडते आहे, याचा हिशेब त्याच्या डोक्यात झालेला असतो. नकाशात मलावी दाखवा म्हटले तर ओट्यावरच्या बहुतेकांची पंचाईत होईल. शेतकऱ्याच्या पट्टीत मात्र मलावी हजर असतो.

हा मलावी म्हणजे आग्नेय आफ्रिकेतले एक भूवेष्टित प्रजासत्ताक. १९६४ साली स्वतंत्र झाला, १९६६ साली प्रजासत्ताक. २०१८ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या सुमारे पावणेदोन कोटी. मराठवाड्याची २०११ ची १ कोटी ८७ लाख. म्हणजे माणसे जवळपास तेवढीच. क्षेत्रफळ १ लाख १८ हजार चौरस किलोमीटर, आणि त्याचा पाचवा हिस्सा निव्वळ पाणी, कारण मलावी सरोवर. दक्षिणेच्या मुलांजे वगैरे भागांत मक्याच्या ओळींमध्ये तूर घेतात, आपल्याकडे सोयाबीन-कपाशीत घेतात तशीच. तिथून समुद्राला जायचे तर ब्लँटायरहून मोझांबिकच्या नकाला बंदरापर्यंत सुमारे आठशे किलोमीटरचा रेल्वेमार्ग आहे. लातूरहून न्हावाशेवा पाचशेच्या आत-बाहेर, नांदेडहून आणखी शंभरेक किलोमीटर जास्त. फार मोठा फरक नाही. तरीही मलावीला भूवेष्टित म्हणतात आणि लातूर-नांदेडला कोणी म्हणत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला प्रशांत महासागरातले टोकेलाऊ घेऊ. न्यूझीलंडच्या ताब्यातली तीन प्रवाळबेटे : अताफू, नुकुनोनू, फाकाओफो. सगळी मिळून जमीन बारा चौरस किलोमीटरच्या आसपास, वस्ती दीड हजार. विमानतळ नाही. सामोआच्या आपिया बंदरातून बोट निघते ती दिवसभराहून जास्त वेळाने पोहोचते, आणि धक्का नसल्यामुळे खडकांच्या बाहेरच थांबते. माणसे, तांदळाची पोती, डिझेलची पिंपे, सगळे लहान पडावांतून किनाऱ्याला न्यावे लागते. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या या मुलखाची आणि समुद्रच नसलेल्या मलावीची गाऱ्हाणी इतकी सारखी आहेत की किलोमीटर मोजत बसण्यात अर्थ उरत नाही. मधला रस्ता कोणाचा, हा प्रश्न पुढे येतो. आणि हा प्रश्न लातूर-नांदेडच्या लोकांना नवा नाही. १९४८ पर्यंत ते स्वतःच एका भूवेष्टित राज्यात राहत होते.

निजामाचे हैदराबाद संस्थान ८२ हजार चौरस मैलांचे, १९४१ साली लोकसंख्या १ कोटी ६३ लाख. स्वतःचे नाणे, स्वतःचे टपाल, स्वतःची रेल्वे. किनारा मात्र एक हातही नाही. मुळात तो होता. १७५९ साली निजाम सलाबतजंगाने मच्छलीपट्टण इंग्रजांना दिले, १७६६ च्या तहाने ‘उत्तर सरकार’ म्हणवले जाणारे किनाऱ्यालगतचे जिल्हे गेले, १७८८ साली गुंटूरही गेले. पुढे १८०२ च्या व्यापारी करारात मच्छलीपट्टणचे बंदर वापरण्याची मुभा निजामाला मिळाली, पण तोवर मधला मुलूख ईस्ट इंडिया कंपनीचा झाला होता. मुभा कागदावर राहिली. इंग्रज जाणार हे दिसू लागल्यावर सातव्या निजामाने, मीर उस्मान अलीने, पुन्हा समुद्राकडे पाहिले. गोवा किंवा निदान मुरगाव बंदर पोर्तुगिजांकडून विकत वा भाड्याने मिळते का, याची चाचपणी १९४७ साली सुरू होती. मिळाले असते तरी मुरगाव ते संस्थानची हद्द हा टप्पा भारताचाच राहणार होता. जगातल्या श्रीमंतांत गणल्या गेलेल्या माणसाला हे कळत नसेल असे मला वाटत नाही. दुसरा इलाज नव्हता, एवढेच.

१९४८ साली हा टप्पा किती महत्त्वाचा ते दिसले. भारताशी झालेला २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार कागदावर होता, पण भारताने माल अडवायला सुरुवात केली. संस्थानात पेट्रोल, औषधे, यंत्रांचे सुटे भाग यांची टंचाई झाली. हत्यारे आणायला सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमाने उडवून बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरवू लागला. जमिनीचा रस्ता बंद झाला की आकाश उरते, पण आकाशातून बंदुका आल्या तरी कोट्यवधी लोकांचे मीठ-तेल येत नाही. २१ ऑगस्टला हैदराबादने सुरक्षा परिषदेत तक्रार नेली, तीत या नाकेबंदीचाही पाढा होता. निजामाच्या राज्यासाठी लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी मूळचा लातूरचा वकील. दिल्लीवर झेंडा लावण्याच्या गोष्टी करणाऱ्या या गृहस्थाला आपल्या गावचा कापूस कुठल्या मार्गाने परक्या हद्दीत उतरतो, हे रोज दिसत असणार. १३ सप्टेंबरला भारताच्या फौजा शिरल्या, १७ ला सगळे आटोपले. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तोही बिनशर्त. निजामाला दाम मोजायची तयारी असूनही जे बंदर मिळाले नाही, ते मराठवाड्याला राज्य पुनर्रचनेत आपोआप मिळाले.

मिळाले म्हणजे हाती आले का, हा वेगळा भाग. कारण रूळ. लातूरला रेल्वे १९११ साली आली, ती बार्शी लाइट रेल्वेची अडीच फूट रुंदीची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी असा पहिला टप्पा सुरू केला होता. लातूरचा माल या चिमुकल्या वाघिणींतून कुर्डुवाडीला जायचा. तिथे हमाल एकेक पोते पाठीवर घेऊन मोठ्या गाडीत चढवायचे, आणि मग तो माल मुंबईच्या वाटेला लागायचा. नांदेडची तऱ्हा तशीच : निजामाने १९०० च्या सुमारास टाकलेली हैदराबाद-मनमाड लाइन मीटरगेज, त्यामुळे मनमाडला उतरवाउतरव. संस्थान गेले, जकात गेली, राज्य एक झाले. रुळांची रुंदी मात्र तीच राहिली. नांदेडकडे मोठी लाइन १९९० च्या दशकात आली, लातूर-कुर्डुवाडीची पूर्ण व्हायला २००८ उजाडले. मलावीच्या रुळांची रुंदी आणि मोझांबिकच्या रुळांची रुंदी पहिल्यापासून एकच आहे. तिथे माल अडला तो दुसऱ्याच कारणाने.

ती हकीकत अशी. १९७७ पासून १९९२ पर्यंत मोझांबिकमध्ये यादवी चालली. रेनामोच्या बंडखोरांनी रेल्वेपूल उडवले, नकाला आणि बैरा या मलावीच्या दोन्ही हक्काच्या वाटा ऐंशीच्या दशकात बंद पडल्या. मग मलावीची तंबाखू, चहा, साखर ट्रकांतून झांबिया, झिंबाब्वे करत दक्षिण आफ्रिकेच्या दरबानपर्यंत जाऊ लागली. उलट मोझांबिकमधून दहा लाखांवर निर्वासित मलावीत आले. भांडण शेजाऱ्याच्या घरात आणि भाडे आपल्याला, असला प्रकार. पुढे २०१० साली अध्यक्ष बिंगू वा मुथारिका यांनी शिरे नदीवर न्सांजे इथे नदीबंदर बांधले. शिरेतून झांबेझीत आणि झांबेझीतून समुद्रात, असा बेत. ऑक्टोबरात उद्घाटनाला पाहुणे जमले, पण ज्या बार्जची वाट पाहत होते ती मोझांबिकने परवानगी नाही म्हणून अडवून ठेवली. धक्का तयार, नदी वाहती, बोट नाही. निजामाच्या मुरगावची गोष्ट साठ वर्षांनी पुन्हा घडली. आता नकालाकडचा रेल्वेमार्ग चालवण्याचा हक्क ब्राझीलच्या व्हाले कंपनीकडून २०२२ साली जिंदाल समूहातल्या वल्कनकडे आला आहे. म्हणजे मलावीच्या समुद्रवाटेवर एक भारतीय हात आहे.

भूवेष्टित म्हणून गरीब, हे मात्र मला पटत नाही. बोत्स्वानाही भूवेष्टितच. १९६७ साली तिथे हिऱ्यांचा मोठा साठा सापडला, आणि हिरे पिशवीत घालून विमानाने जातात. तुरीचे पोते तसे जात नाही. वजनाला भारी आणि भावाला हलका माल ज्याच्या नशिबी, त्यालाच रस्त्याचा मालक छळतो.

आता पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचे १४४ कलम लागले. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून दहा वाघिणींची गाडी आली : प्रत्येकीत पन्नास हजार, एकूण पाच लाख लिटर. शहराची वस्ती २०११ ला ३ लाख ८३ हजार. म्हणजे माणशी सव्वा लिटर. पुढे पन्नास वाघिणींची ‘जलदूत’ सुरू झाली, तेव्हा माणशी साडेसहा. ऑगस्टपर्यंत शंभरावर फेऱ्या झाल्या. ही गाडी ज्या वाटेने आली ती मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी-लातूर, म्हणजे कॅलथ्रॉपचीच जुनी वाट. रुंदीकरण आणखी दहा वर्षे रखडले असते तर कुर्डुवाडीला पाणी कसे उतरवून घेतले असते, कोण जाणे.

टोकेलाऊत हे पाच वर्षे आधी होऊन गेले होते. तिथे नदी नाही, विहिरीत गोडे पाणी जेमतेम. छपरावरचा पाऊस टाकीत साठवून वर्ष काढायचे. २०११ मध्ये पाऊस गेला आणि ऑक्टोबरात आणीबाणी जाहीर झाली. न्यूझीलंडने धावाधाव केली, अमेरिकी तटरक्षक दलाचे जहाज अमेरिकन सामोआहून सव्वा लाख लिटरच्या वर पाणी घेऊन गेले. दीड हजार माणसांना ते माणशी ऐंशी-नव्वद लिटर पडले. लातूरकराने हा आकडा वाचून हेवा करायला हरकत नाही. मलावीकडे गोड्या पाण्याचे साडेपाचशे किलोमीटरहून लांब सरोवर आहे, ते मात्र बोटभरही विकता येत नाही. पाण्याच्या गाडीचे बिलही आठवते : मे महिन्यात रेल्वेने लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे चार कोटींचा आकडा पाठवला आणि वर्तमानपत्रांतून बराच गदारोळ झाला. रस्ता आपलाच असला तरी भाडे कोणीतरी लावतोच. फरक एवढा की त्यावर ओरडायला आपला खासदार असतो. मलावीच्या माणसाने मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोत, कुठल्या खासदाराकडे जायचे?

समुद्राच्या वाटणीचा जागतिक कायदा १९८२ च्या डिसेंबरात झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला होता, हा आपला योगायोग. या कायद्याने किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर किनाऱ्याच्या मालकाचा हक्क मान्य केला. बारा चौरस किलोमीटरच्या टोकेलाऊच्या वाट्याला त्यातून सुमारे ३ लाख १९ हजार चौरस किलोमीटर समुद्र आला. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार. अख्ख्या महाराष्ट्राहून मोठा मुलूख, आणि त्यावर हक्क दीड हजार लोकांचा! त्यातला ट्यूना टोकेलाऊच्या बेटांवर येतही नाही. परदेशी बोटी परवान्याचे पैसे भरतात, मासा परस्पर जातो. उत्पन्नाचा मोठा भाग तेवढ्यावर. याच कायद्याच्या दहाव्या भागात भूवेष्टित देशांना समुद्रापर्यंत जाण्या-येण्याचा हक्कही दिला आहे, पण त्याच्या अटी शेजाऱ्याशी करार करून ठरवायच्या. टोकेलाऊला मिळालेल्या हक्काचे पैसे होतात. मलावीला मिळालेल्या हक्कासाठी आधी मोझांबिकची सही लागते. १८०२ च्या मच्छलीपट्टणची आठवण येते ती इथे.

पुन्हा तुरीकडे. २०१५ साली तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली आणि सरकार हडबडले. जुलै २०१६ मध्ये, लातूरची पाणीगाडी अजून धावत असताना, भारताने मोझांबिकशी डाळ घेण्याचा करार केला. आफ्रिकेत पेरा वाढला. आपल्याकडेही त्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि तूर उदंड आली. २०१७ च्या उन्हाळ्यात बोनससह हमीभाव ५,०५० आणि बाजारात चार हजारांच्या आसपास, असे चित्र होते. नाफेडच्या केंद्रांवर ट्रॅक्टरांच्या रांगा, शेतकरी गाडीखाली झोपलेले, आणि खरेदी का थांबली तर बारदाना नाही! ऑगस्टमध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. लातूरला तोवर उशीर झाला होता. तिकडे मलावीत भाव कोसळले, कारण तिथल्या तुरीला मोठे गिऱ्हाईक भारत हेच. मग २०२१ मध्ये पुन्हा टंचाई, पुन्हा आयात खुली, आणि मलावीशी वर्षाला ५० हजार टनांचा पाच वर्षांचा करार. लातूरचा शेतकरी आणि मुलांजेचा शेतकरी एकमेकांचे भाव पाडतात असे आपण म्हणतो. दोघांचाही भाव दिल्लीच्या एका अधिसूचनेने हलतो, आणि ती निघते तेव्हा दोघांचेही पीक शेतात उभे असते किंवा घरात येऊन पडलेले असते.

टोकेलाऊकडे विकायला तूर नाही, माणसे आहेत. तिथले लोक न्यूझीलंडचे नागरिक. १९४८ च्या कायद्याने तो मुलूख न्यूझीलंडचा झाला, आपण निजामातून सुटलो त्याच वर्षी. आज बेटांवर आहेत त्याच्या कितीतरी पट टोकेलाऊवासी न्यूझीलंडमध्ये राहतात, जसे लातूर-नांदेडचे पुण्यात. त्यांना स्वशासन हवे का, हे विचारायला संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली दोनदा मतदान झाले. दोन तृतीयांश कौल हवा होता. २००६ साली साठ टक्के पडले. २००७ साली ४४६ जण बाजूने, २४६ विरुद्ध. सोळा मते कमी पडली. वसाहतवादाच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांना हे विचित्र वाटले, मला तो पक्का व्यवहार वाटतो. बोट, डॉक्टर, पाणी ज्याच्या तिजोरीतून येते त्याच्यावरचा हक्क त्यांनी सोडला नाही. आपण बिनशर्त आलो. अनुशेष मोजायला १९८३ साली दांडेकर समिती नेमली गेली, १९९४ साली वैधानिक विकास मंडळ मिळाले, आणि त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.