टँक खेळायचाय? मग टॅलेंट पॉइंट कुठे खर्च करायचे?

पाच जणांचा संघ गुहेत शिरतो. मारणाऱ्या तिघांपैकी एखादा मेला तर बाकीचे कसंबसं सांभाळून घेतात. पण टँक मेला, तर पुढच्या काही सेकंदांत बहुतेक वेळा अख्खा संघ आडवा होतो. म्हणूनच 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'सारख्या ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये टँकने टॅलेंट चुकीची निवडली, की त्याची किंमत इतर चौघंही मोजतात.

मग निवड करायची कशी? समजून घेऊया.

टँक म्हणजे नेमकं कोण?

संघात तीन भूमिका असतात. टँक मार झेलतो, हीलर जखमा भरतो आणि उरलेले तिघे शत्रूला मारतात. टँकचं काम दुहेरी आहे: शत्रूचं लक्ष स्वतःकडे ठेवायचं आणि तो मारत असताना जिवंत राहायचं.

सातारकरांना हे सांगायला दूर जायला नको. १६९९-१७०० मध्ये औरंगजेबाच्या फौजेने साताऱ्याच्या किल्ल्याला, म्हणजे आजच्या अजिंक्यताऱ्याला, वेढा घातला. किल्ला अखेर पडला, पण तोवर एवढी मोठी फौज कित्येक महिने एका डोंगरापाशी अडकून राहिली. टँकही हेच करतो. शत्रूला आपल्यापाशी गुंतवून ठेवतो, म्हणजे बाकीच्यांना त्यांचं काम करता येतं.

टॅलेंट म्हणजे काय?

पात्राची लेव्हल वाढते तसे पॉइंट मिळतात. ते झाडाच्या फांद्यांसारख्या रचनेत एकेका कौशल्यावर खर्च करायचे. २००४ मध्ये गेम आला तेव्हा १०व्या लेव्हलपासून दर लेव्हलला एक, असे ६०व्या लेव्हलपर्यंत ५१ पॉइंट मिळायचे. निवड बदलायची तर पहिल्यांदा १ सोन्याचं नाणं, मग ५, असं करत शुल्क ५० नाण्यांपर्यंत जायचं. २०१२ मध्ये ही झाडं काढून ठरावीक टप्प्यांवर एकच पर्याय निवडायची पद्धत आली. २०२२ च्या 'ड्रॅगनफ्लाइट'मध्ये झाडं परतली. आता लढाई सुरू नसेल तर टॅलेंट फुकट बदलता येतात. त्यामुळे प्रयोग करायला घाबरू नका.

मार चुकवायचा की कमी करायचा?

नवा टँक इथेच सर्वात जास्त गोंधळतो. एक सोपं, काल्पनिक उदाहरण घेऊ. तुमची हेल्थ १०,००० आहे आणि बॉसचा एक फटका ४,००० चा आहे. समोर दोन टॅलेंट आहेत.

पहिलं: ३० टक्के फटके पूर्ण चुकतील.
दुसरं: प्रत्येक फटका २० टक्क्यांनी कमी लागेल.

सरासरी काढली तर पहिलं सरस. त्यात दर फटक्याला सरासरी २,८०० चं नुकसान होतं, दुसऱ्यात ३,२०० चं. पण आता समजा, हीलर दुसऱ्याला वाचवण्यात गुंतलाय आणि तीन फटके पाठोपाठ आले. पहिल्या टॅलेंटमध्ये तिन्ही फटके लागण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के आहे. तसं झालं तर १२,००० चं नुकसान, म्हणजे मरण. दुसऱ्यात नुकसान होतं ९,६००. चारशे हेल्थ उरते, पण तुम्ही नक्की उभे असता.

टँक सरासरीने मरत नाही, तो सगळ्यात वाईट पाच सेकंदांत मरतो. म्हणून अवघड बॉससमोर आधी हेल्थ, चिलखत आणि नुकसान कमी करणारी टॅलेंट घ्यावीत. लढाई लांबणारी असेल, फटके छोटे पण सतत असतील आणि हीलरचा मॅना संपत असेल, तर फटके चुकवणारी टॅलेंट कामाला येतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २० टक्के कपात करणारी दोन टॅलेंट एकत्र घेतली तर कपात सहसा ४० नाही, ३६ टक्के होते. कारण दुसरी कपात उरलेल्या ८० वर लागते.

फक्त टणक असून भागतं का?

नाही. गेम प्रत्येक खेळाडूचा 'थ्रेट' मोजतो आणि ज्याचा थ्रेट जास्त, त्याच्यावर शत्रू धावतो. 'क्लासिक'मध्ये जवळून मारणाऱ्याचा थ्रेट टँकच्या ११० टक्क्यांवर किंवा लांबून मारणाऱ्याचा १३० टक्क्यांवर गेला, की बॉस त्याच्याकडे वळतो. म्हणूनच तिथे वॉरियर टँक १५ टक्के थ्रेट वाढवणारं 'डिफायन्स' सहसा सोडत नाहीत.

२०१९ मध्ये 'क्लासिक' परत आला तेव्हा ४० जणांच्या रेडमध्ये अनेक वॉरियर टँकनी ढालीच्या झाडात खोल न जाता 'फ्युरी' या आक्रमक झाडात पॉइंट टाकले. कारण सोपं होतं. हीलर भरपूर होते, टँक मरत नव्हता, पण मारणारे इतके जोरात मारत होते की थ्रेट कमी पडत होता. जिथे कमी पडतंय, तिथे पॉइंट, हाच खरा नियम.

सातारा-सांगलीतून खेळताना काय वेगळं?

या गेमचे सर्व्हर भारतात नाहीत. साताऱ्याहून पश्चिम युरोप सरळ रेषेत साधारण ७,००० किलोमीटर आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे संदेश जाऊन यायला किमान ७० मिलिसेकंद लागणारच. केबल वळसे घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात पिंग त्याहून जास्तच दिसतो.

टॅलेंटच्या निवडीवर याचा थेट परिणाम होतो. अगदी नेमक्या क्षणी बटण दाबलं तरच उपयोगी पडणारं टॅलेंट इथून हुकू शकतं. उलट, आपोआप चालणाऱ्या म्हणजे पॅसिव्ह टॅलेंटचा हिशेब सर्व्हरच करतो. त्याला तुमच्या पिंगचं काही पडलेलं नसतं. दोन टॅलेंट तोडीस तोड वाटली तर पॅसिव्ह घ्या. वळवाच्या पावसात लाइट जाते, हे गृहीत धरून राउटरला छोटा यूपीएस जोडणं हेही एक प्रकारचं टॅलेंटच समजा.

तयार बिल्ड कॉपी करावी का?

सुरुवातीला जरूर करा. पण ती बिल्ड कुणासाठी आहे ते बघा. वीस जणांच्या, सरावलेल्या रेडमधल्या टँकला अनेक हीलरचा आधार असतो. तुमच्या पाच जणांच्या संघात एकच हीलर असतो, आणि कदाचित तोही नवाच.

मेल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारा. एका मोठ्या फटक्याने मेलो का? मग हेल्थ आणि कपात वाढवा. हळूहळू झिजत मेलो का? मग फटके चुकवणारी किंवा स्वतःची हेल्थ भरणारी टॅलेंट बघा. शत्रू दुसऱ्याकडे पळाला का? मग थ्रेट वाढवा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.