सोडवून आणलेल्या वृद्ध घोड्याचा आहार

पुणे-नाशिक रस्त्यावरील भोसरी आज कारखान्यांनी वेढलेली आहे. तरीही तेथे पांजरपोळ आहे आणि परिसरात बैलगाडा शर्यतींची परंपरा टिकून आहे. या शर्यतींत बैलांपुढे घोडी धावते. वरातीसाठीही घोडे पाळले जातात. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो, परंतु त्याची कामाची वर्षे त्याहून कमी असतात. काम सरल्यावर मोकाट सोडलेला घोडा आश्रयास येतो तेव्हा पुष्कळदा त्याच्या बरगड्या मोजता येतात.

अशा घोड्यापुढे दयेपोटी हरभऱ्याची पाटी ठेवणे घातक होय. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीरात धान्यातील पिष्ट एकदम गेले म्हणजे रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम ही द्रव्ये झपाट्याने पेशींत ओढली जातात. त्यामुळे हृदय व श्वसन यांचे कार्य बिघडते आणि घोडा सावरला असे वाटत असतानाच काही दिवसांत दगावतो.

म्हणून पुढील क्रम पाळावा :

१. प्रथम पशुवैद्यकास बोलवावे. स्वच्छ पाणी सदैव जवळ असावे.

२. पहिले तीन दिवस वाळवलेला लसूणघास दर चार तासांनी सुमारे अर्धा किलो द्यावा. तट्टास याहून कमी. धान्य मुळीच देऊ नये.

३. चौथ्या दिवसापासून घासाचे प्रमाण हळूहळू वाढवावे व वेळा कमी कराव्यात. दहा दिवसांनंतर घोडा खाईल तितका चारा द्यावा. धान्य पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच सुरू करावे.

४. दात तपासून घ्यावेत. वृद्ध घोड्याच्या दाढा झिजतात किंवा त्यांच्या कडा धारदार होऊन गाल सोलतात. चघळलेल्या चाऱ्याचे बोळे तोंडातून खाली पडू लागले तर तो चारा चावू शकत नाही असे समजावे. कडा कानशीने घासवून घ्याव्यात आणि चारा बारीक कापून, भिजवून द्यावा.

५. धनुर्वाताची लस टोचून घ्यावी. घोड्यास हा रोग फार लवकर जडतो. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर साळून घ्यावेत.

उपासमार होईल अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये अपराध आहे. गावातील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट घोडेमालकांस आधीच समजावून सांगावी. काम सरलेला घोडा अंगावर मांस असतानाच आश्रयस्थानी पोहोचला, तर वरील पहिल्या दहा दिवसांचा धोका त्याच्या वाट्यास येतच नाही.