राहण्याचा हक्क, माणसापुरता

अमेरिकेतल्या स्वस्त भाड्याच्या घरांपैकी बरीच घरं सरकारची नाहीत, खासगी मालकांची आहेत. १९६० च्या दशकात केंद्र सरकारने बिल्डरांना हाताशी धरलं: व्याज स्वस्त देतो, भाडी मात्र आम्ही ठरवू. १९६१ ची योजना, मग १९६८ चं सेक्शन २३६, ज्यात व्याज एक टक्क्यापर्यंत उतरायचं. कर्ज ४० वर्षांचं. पण नफ्यासाठी उतरलेल्या बहुतेक मालकांना २० वर्षांनी ते एकरकमी फेडून मोकळं होण्याची मुभा करारातच होती. १९७४ मध्ये सेक्शन ८ आलं. भाड्यातला फरक सरकार भरू लागलं, तेही मुदतीच्या करारावर.

मुदती भरत आल्या तेव्हा शहरांतल्या जागांचे भाव चढलेले. १९८७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, मुदतीआधीच्या कर्जफेडीवर लगाम घातला, १९९० मध्ये मालकांना पैशाचं आमिष दाखवलं, आणि १९९६ मध्ये खर्च झेपेना म्हणून मुभा परत देऊन टाकली. आत राहणाऱ्यांचं काय, याचं उत्तर म्हणून एन्हान्स्ड व्हाउचर, म्हणजे वाढलेल्या भाड्याचा भार उचलणारी सरकारी मदत, आली. १९९९ मध्ये हे व्हाउचर कायद्यात कायमचं बसलं.

हिशेब असा. समजा, एका म्हातारीचं भाडं ४०० डॉलर होतं आणि मालकाने ते १,३०० केलं. साधं व्हाउचर ठरावीक मर्यादेपर्यंतच पैसे देतं. हे व्हाउचर भाडं वाजवी असेल तर मर्यादा ओलांडून वरचे ९०० भरतं. तिने साधारणपणे उत्पन्नाच्या ३० टक्के भरायचे, पण जुन्या ४०० पेक्षा कमी नाही. उत्पन्न बरंच घटलं तरच त्यात सवलत. मुलं पांगली आणि घर मोठं ठरलं, तर त्याच वसाहतीत लहान घर रिकामं असल्यास तिथे जायचं. दुसरीकडे राहायला गेली, तर हातात उरतं साधं व्हाउचर.

कायद्यात भाडेकरूला तिथेच राहण्याची निवड करता येते एवढं लिहिलं. मालकाने व्हाउचर घेतलंच पाहिजे, हे सरळ शब्दांत लिहायला काँग्रेसला काय झालं होतं कोण जाणे. ती कसर कोर्टात भरून निघाली. २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या फीमस्टर खटल्यात अपील कोर्टाने भाडेकरूंच्या बाजूने कौल दिला: व्हाउचर नाकारून त्यांना काढता येणार नाही. २०११ मध्ये ओकलंडच्या पार्क व्हिलेजमधल्या वृद्धांनाही हुसकावण्यापासून संरक्षण मिळालं. मालकाने व्हाउचर देणाऱ्या गृहनिर्माण प्राधिकरणाशी करार करावाच, असा हुकूम मात्र टिकला नाही. म्हणजे घर सुटणार नाही, पण सरकारचा हिस्सा मालकाच्या हाती कसा पडायचा, हा घोळ कायम. सत्तरीच्या माणसांनी अशा प्रश्नावर वर्षानुवर्षं वकील धरावेत, ही काही कल्याणकारी योजना म्हणता येत नाही.

तरीही या तरतुदीने त्यांच्या डोक्यावरचं छप्पर राखलं, हे मान्य करावंच लागेल. वाचले ते तिथले भाडेकरू. घरं मात्र गेली. व्हाउचरवाला वारला किंवा निघून गेला आणि मागे कुटुंब उरलं नाही, की ती जागा खुल्या बाजारात जाते आणि मालक हवं ते भाडं लावतो. सरकारी यादीत नाव घालून ताटकळणाऱ्या पुढच्या माणसाला ती मिळत नाही.