अल्पाइन अ‍ॅस्टर आणि तंजावूरची हवा : बहुवर्षायू फुलझाड निवडताना करावयाचा विचार

बागकामाच्या पुस्तकांत आणि बियाण्यांच्या ऑनलाइन दुकानांत अल्पाइन अ‍ॅस्टरची ओळख साधारणपणे एकाच वाक्यात करून दिलेली असते : एकदा लावा आणि वर्षानुवर्षे फुले घ्या. जांभळट निळ्या पाकळ्या, मध्यभागी पिवळे बिंब आणि वीतभर उंचीचे झाड असे त्याचे रूप असते. ते कोणालाही मोह पाडील. तंजावूरच्या राजवाड्याभोवतीच्या राजवीथींत जुन्या मराठी कुटुंबांची घरे आजही आहेत. तेथील अंगणात, गच्चीवरील कुंडीत किंवा राजवाडा परिसरातील एखाद्या शोभेच्या वाफ्यात हे फूल लावावे काय, असा प्रश्न विस्तार कार्यकर्त्यापुढे आल्यास त्याचे उत्तर केवळ ‘होईल’ किंवा ‘होणार नाही’ असे देऊन भागत नाही. झाड का टिकत नाही, त्याच्याऐवजी काय लावावे आणि आणलेल्या रोपाबरोबर शेजारच्या पिकांकडे काय जाऊ शकते, या तीनही बाबी सांगाव्या लागतात.

मूळ घर कोणते?

अल्पाइन अ‍ॅस्टरचे शास्त्रीय नाव ‘अ‍ॅस्टर अल्पायनस’ असे आहे. ते लिनियसने १७५३ मध्ये दिले. युरोपातील आल्प्स, आशियातील उंच पर्वतरांगा आणि उत्तर अमेरिकेचा वायव्य डोंगराळ भाग येथे हे झाड रानटी अवस्थेत आढळते. त्याची उंची साधारणतः १५ ते ३० सें.मी. असते. हिवाळ्यात जमिनीवरील भाग जवळजवळ नाहीसा होतो, झाड बर्फाखाली सुप्तावस्थेत राहते आणि वसंतात गड्ड्यातून नवे फुटवे येतात. फुले उन्हाळ्याच्या प्रारंभी येतात.

‘बहुवर्षायू’ या शब्दाचा अर्थ या चक्रात आहे. झाड अनेक वर्षे जगते ते त्याला दरवर्षी थंडीची विश्रांती मिळते म्हणून. ही विश्रांती काढून घेतली की झाडाचे आयुष्यही आखडते.

तंजावूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात तेथील कमाल तापमान ३७-३८ अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि जानेवारीतही रात्रीचे तापमान साधारणतः २० अंशांच्या आसपास असते. उष्ण रात्री झाडाचे श्वसन वेगाने चालते व दिवसा साठविलेले अन्न रात्री खर्ची पडते. फूलकळी धरण्यास आवश्यक असलेली थंडी मिळत नाही. त्यातच ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पावसाची झड लागते. कावेरीच्या खोऱ्यातील चिकण गाळमातीत पाणी साचते व गड्डा कुजतो. थोडक्यात, उन्हाळ्यात अशक्त झालेले झाड पावसाळ्यात कुजून जाते. खताची मात्रा वाढवून यावर उपाय होत नाही. हे झाड मुळात हलक्या, खडकाळ व कमी कसाच्या जमिनीतील असल्याने जादा नत्राने ते अधिकच लुसलुशीत व रोगास बळी पडणारे होते.

हे फूल जेथे शोभते तेथे

काश्मीर, लाहौल किंवा हिमाचल व उत्तराखंडातील उंच, बर्फ पडणाऱ्या भागांत अल्पाइन अ‍ॅस्टर बागेत घेता येते. तेथे पूर्ण ऊन, उत्तम निचरा आणि उदासीन ते किंचित विम्लधर्मी जमीन द्यावी. वाफ्यात बारीक खडी व वाळू मिसळावी. बी शरद ऋतूत पेरावे, म्हणजे नैसर्गिक थंडी मिळते. अन्यथा ओलसर वाळूत मिसळून दोन ते चार आठवडे शीतकपाटात ठेवून मग पेरावे. रोपांत २० ते ३० सें.मी. अंतर ठेवावे. बियांपासून केलेली रोपे बहुधा दुसऱ्या वर्षी फुलतात. दर दोन-तीन वर्षांनी वसंतात गड्डे उकरून विभागणी केली नाही, तर मधला भाग मरतो आणि झाड विरळ होते. म्हणजे योग्य हवामानातही हे ‘लावा आणि विसरा’ असे झाड नाही.

महाबळेश्वर थंड आहे, म्हणून तेथे हे फूल सहज येईल असे कोणास वाटू शकते. परंतु तेथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत पाच हजार मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. सततची ओल हा या झाडाचा थंडीच्या अभावाइतकाच मोठा शत्रू आहे. ठिकाण निवडताना तापमानाबरोबर ओलीचाही हिशेब करावा.

राजवाड्याच्या परिसरातील जुना धडा

बाहेरून आलेले ज्ञान तपासून, स्थानिक परिस्थितीशी जुळवून घेण्याची परंपरा तंजावूरला नवी नाही. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, धन्वंतरी महालात औषधांच्या अभ्यासास आश्रय दिला आणि वनस्पती व प्राणी यांची चित्रे काढून घेतली.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने या भूमीचे महत्त्व त्याहूनही जुने आहे. लिनियसचा शिष्य योहान गेरहार्ड क्योनिग १७६८ मध्ये वैद्यक अधिकारी म्हणून जवळच्या तरंगंबाडी येथे आला. तंजावूर प्रदेशातील वाळवीविषयी त्याने लिहिलेले वर्णन १७७९ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातील कीटकांच्या शास्त्रीय अभ्यासाचा प्रारंभ सांगताना या लेखनाचा उल्लेख आवर्जून केला जातो.

हा इतिहास बागायतदारासाठी आजही उपयोगाचा आहे. बहुवर्षायू वाफा म्हणजे वर्षानुवर्षे न नांगरलेली जमीन. तेथे वाळलेल्या काड्या, अर्धवट कुजलेले शेणखत आणि लाकडी खुंट्या राहिल्या की वाळवीला कायमचा आसरा मिळतो. जुन्या वास्तूंत सागवानी तुळया व दारे असतात, तेव्हा हा आसरा भिंतीपासून दूरच असावा. पूर्ण कुजलेलेच खत वापरावे, वाळलेली खोडे वेळच्या वेळी काढावीत. संरक्षित वास्तूच्या भिंतीलगत संबंधित खात्याच्या परवानगीशिवाय खोदकाम करू नये किंवा वाफे भिजवू नयेत. तेथे कुंड्यांचा पर्याय अधिक योग्य ठरतो.

बहुवर्षायू झाड आणि कीटकांचे बिऱ्हाड

हंगामी फूलपिकाचा एक फायदा सहसा ध्यानात येत नाही. पीक निघाले की त्यावरील किडींचेही बिऱ्हाड हलते. बहुवर्षायू झाडावर मात्र मावा, फुलकिडे, लाल कोळी व तुडतुडे यांना बारमाही निवारा मिळतो. त्यांतही तुडतुड्यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

अ‍ॅस्टरवरील ‘पिवळेपणा’ या रोगाचा अभ्यास हा वनस्पतिरोग व कीटकशास्त्र यांच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा आहे. हा रोग तुडतुड्यांमार्फत पसरतो, हे अमेरिकेत एल. ओ. कुंकेल यांनी चायना अ‍ॅस्टरवर केलेल्या व १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून स्पष्ट झाले. त्यानंतर कित्येक वर्षे हा विषाणुजन्य रोग मानला जात होता. १९६७ मध्ये जपानी संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा रोगग्रस्त झाडांच्या रसवाहिन्यांत भित्तिकाविरहित सूक्ष्मजीव दाखविले. त्यांनाच आज फायटोप्लाझ्मा म्हणतात.

रोगग्रस्त झाडाचा रस शोषल्यानंतर तुडतुडा लगेच रोग पसरवीत नाही. सूक्ष्मजीव त्याच्या शरीरात वाढून लाळग्रंथींपर्यंत पोहोचण्यास साधारणतः दोन ते तीन आठवडे लागतात. त्यानंतर मात्र तो आयुष्यभर रोगवाहक राहतो. रोगट झाडाची पाने पिवळी पडतात, बारीक फुटव्यांचा झुपका होतो, पाकळ्या हिरव्या राहतात किंवा फुलाच्या जागी पानांसारखी वाढ दिसते. बागेतील सदाफुलीवर अशी हिरवी फुले अनेकांनी पाहिली असतील.

कावेरी खोऱ्यात भातानंतर तीळ घेतला जातो. तिळावरील पर्णगुच्छ आणि वांग्याची पाने बारीक होण्याचा रोग हे दोन्ही फायटोप्लाझ्माजन्य असून तुडतुडे हेच त्यांचे वाहक आहेत. फायटोप्लाझ्माचे अनेक गट आहेत आणि प्रत्येक गट प्रत्येक पिकावर जातोच असे नाही. तरीही हे सूक्ष्मजीव जिवंत रोपे, छाटकलमे व विभागलेले गड्डे यांच्याबरोबर प्रवास करतात. वर्षभर जिवंत राहणारे रोगट शोभेचे झाड हे रोगाचे साठवणघर बनते. म्हणून अनोळखी ठिकाणाहून आणलेले बहुवर्षायू रोप हा केवळ शे-दोनशे रुपयांचा प्रश्न राहत नाही. बागेच्या कुंपणापलीकडील शेतकऱ्याचे पीकही त्यात गुंतलेले असते.

याच कारणाने परदेशी बियाणे व रोपांच्या आयातीवर ‘वनस्पती संगरोध आदेश, २००३’ अन्वये निर्बंध आहेत. आयात परवाना व वनस्पती स्वच्छता प्रमाणपत्र यांवाचून परदेशातून टपालाने बियांची पुडी मागविणे हाही नियमभंग ठरू शकतो. विस्तार कार्यकर्त्यांनी ही बाब हौशी बागायतदारांना स्पष्टपणे सांगावी.

मग लावावे काय?

प्रथम फुलाचे काम ठरवावे. रंग हवा असेल, तर चायना अ‍ॅस्टर हा उत्तम पर्याय आहे. नावात अ‍ॅस्टर असले तरी ‘कॅलिस्टेफस चायनेन्सिस’ ही निराळी, हंगामी वनस्पती आहे. बंगळुरू येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने कामिनी, पौर्णिमा, शशांक व व्हायोलेट कुशन हे वाण दिले आहेत. महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले गणेश’ मालिकेत पांढरे, गुलाबी, जांभळे असे वाण प्रसारित केले आहेत.

तंजावूरच्या पावसाचा विचार करता रोपवाटिका ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आडोशाखाली करावी व पाऊस ओसरताच डिसेंबरमध्ये गादीवाफ्यावर ३० × ३० सें.मी. अंतराने रोपे लावावीत. म्हणजे फुले कडक उन्हाळ्यापूर्वी मिळतात. या पिकाच्या बियांची उगवणशक्ती लवकर घटते, म्हणून ताजेच बी घ्यावे. मर रोगाची बुरशी जमिनीत अनेक वर्षे टिकून राहत असल्याने त्याच वाफ्यात पुन्हा चायना अ‍ॅस्टर लावू नये.

बहुवर्षायूच झाड हवे असेल, तर पुष्पगुच्छांत भरणीसाठी वापरल्या जाणाऱ्या व बाजारात ‘डेझी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अ‍ॅस्टरची मोजकी रोपे कुंडीत लावून पाहावीत. महाराष्ट्राच्या पठारावर ती चांगली येते. तंजावूरच्या उष्ण रात्रींत मात्र तिच्याकडून तितक्याच जोमाची अपेक्षा ठेवू नये. रोपे स्थानिक, निरोगी मातृवृक्षांपासूनच घ्यावीत आणि पावसाळ्यात कुंड्या छपराखाली हलवाव्यात. तंजावूरच्या प्रसिद्ध कदंब गजऱ्यांच्या परिसरात शेवंती व झेंडू ही याच कुळातील फुले तर पूर्वापार रुळलेली आहेत.

मधमाश्या व मित्रकीटकांना अन्न पुरविणे हा हेतू असेल, तर एकेरी फुलांचे वाण निवडावेत. अ‍ॅस्टर कुळातील ‘एक फूल’ म्हणजे प्रत्यक्षात अनेक सूक्ष्म फुलांचा समूह असतो. मधल्या पिवळ्या बिंबातील नळीसारख्या फुलांत मध व पराग असतात. या नळ्या आखूड असल्याने सातेरी व फुलोरी मधमाश्या, सिरफिड माश्या आणि लहान परोपजीवी गांधीलमाश्या यांना तेथवर सहज पोहोचता येते. भरगच्च दुहेरी फुलांत बिंबाची जागा पाकळ्यांनी घेतलेली असते. ती माणसाला मोहक वाटली तरी कीटकाला उपाशी ठेवतात. सिरफिड माशीच्या अळ्या मावा खातात आणि परोपजीवी गांधीलमाश्या अनेक किडींची अंडी व अळ्या नष्ट करतात. त्यांच्या प्रौढांना मात्र मध लागतो. भाजीपाल्याच्या कडेने एकेरी फुलांची एक ओळ ठेवण्याचे कारण हेच आहे. वाटेवरची एकदांडी, बांधावरची सहदेवी आणि ओलीतला माका ही याच कुळातील झाडे कोणतीही निगा न घेता हेच काम करतात. बागेच्या कडेला ती थोडी राहू दिल्यास नुकसान होत नाही.

कीड व्यवस्थापन

आठवड्यातून एकदा पानांची खालची बाजू तपासावी. तुडतुडे, पांढरी माशी व माव्याचा अंदाज घेण्यासाठी पिवळे चिकट सापळे लावावेत. पर्णगुच्छाची लक्षणे दिसलेले झाड औषधाने बरे होत नाही. ते मुळासकट उपटून नष्ट करावे. त्यापूर्वी त्यावरील तुडतुड्यांसाठी ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा, अन्यथा झाड हलविताच ते शेजारच्या झाडांवर उडून जातात. फवारणी सायंकाळी, मधमाश्यांचा वावर थांबल्यावर करावी. फुलोऱ्यात रासायनिक कीटकनाशके टाळावीत. नवीन आणलेली रोपे किमान तीन-चार आठवडे वेगळी ठेवून मगच इतर झाडांत मिसळावीत, कारण लक्षणे दिसण्यास तेवढा काळ लागतो.

एखाद्या फुलझाडाची शिफारस करण्यापूर्वी त्याला विश्रांती कोणत्या ऋतूत लागते, त्याच्या मुळांना किती ओल सोसते आणि त्याच्यावर कोणते कीटक वस्तीला येतील, हे तीन प्रश्न विचारावेत. अल्पाइन अ‍ॅस्टर यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांवरच तंजावूरसाठी अयोग्य ठरते, आणि तिसरा प्रश्न त्याच्या कोणत्याही बहुवर्षायू भावंडाला लागू पडतो. राजवाड्याच्या सावलीतील अंगणासाठी पर्वतावरचे फूल आणण्याऐवजी हंगामी चायना अ‍ॅस्टरचा एक वाफा आणि एकेरी शेवंतीच्या चार कुंड्या लावल्यास रंगही मिळेल, मधमाश्याही येतील आणि शेजारच्या तिळाला असलेला धोकाही कमी राहील.