खळ्यांचा चेंडू आणि टेटची फीत

गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांनी, म्हणजे अमेरिकेच्या यूएसजीए आणि स्कॉटलंडच्या आर अँड ए यांनी, डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केलं की चेंडूला लगाम घालायचा. चेंडूची चाचणी यंत्रमानवाकडून घेतली जाते. त्याच्या क्लबचा वेग आजवर ताशी 120 मैल असे, तो आता 125 करायचा आणि तरीही चेंडूने 317 यार्डांची जुनीच मर्यादा पाळायची, असा हा निर्णय. वेग वाढवूनही अंतर तेवढंच ठेवायचं म्हणजे चेंडू आधीपेक्षा मंद बनवायचा. जगातले सर्वांत लांब फटके मारणारे यामुळे 13 ते 15 यार्ड गमावतील आणि हौशी खेळाडू फार तर पाच, असा या संस्थांचाच अंदाज आहे. मग हे पाच यार्ड परत मिळवायला कोणता क्लब घ्यावा, यावर चर्चा सुरू झाली आणि जाहिरातींना नवा विषय मिळाला. पण गोल्फचा फटका सुधारायचा तर पैसे आणि कष्ट नेमके कुठे घालावेत, याचं बरंचसं उत्तर एका स्कॉटिश प्राध्यापकाने सव्वाशे वर्षांपूर्वीच शोधून ठेवलं आहे, आणि ते या चर्चेत फारसं कुणी काढत नाही.

पीटर गथ्री टेट हा एडिंबरा विद्यापीठातला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलचा शाळेपासूनचा मित्र, गणितातल्या गाठींच्या सिद्धांताचा एक आद्य अभ्यासक आणि सेंट अँड्र्यूजच्या मैदानाचा वेडा. रात्रीही खेळता यावं म्हणून चेंडूंना फॉस्फरस लावून पाहणारा हा माणूस. त्याला एका साध्या गोष्टीने छळलं होतं. चांगला मारलेला चेंडू सहा सेकंदांच्या आसपास हवेत राहतो, आणि सुरुवातीला त्याचा मार्ग खाली झुकण्याऐवजी जवळजवळ सरळ, कधी तर किंचित वर वळलेला दिसतो. गुरुत्वाकर्षण आणि हवेचा विरोध एवढंच धरून हिशेब केला, तर चेंडू इतका वेळ वर राहूच शकत नाही. म्हणजे त्याला वर उचलून धरणारं आणखी काहीतरी आहे. फिरणारा चेंडू हवेत वळतो हे न्यूटनने टेनिसच्या चेंडूबद्दल नोंदवलं होतं, तोफगोळ्यांवर काम करणाऱ्या रॉबिन्स आणि माग्नुस यांनी त्याचा अभ्यास केला होता. टेटने 1887 मध्ये तोच विचार गोल्फच्या उजव्या-डाव्या वळणांना लावला, आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्या ध्यानात आलं की आडवी फिरकी चेंडूला बाजूला नेत असेल, तर उलटी फिरकी, म्हणजे बॅकस्पिन, त्याला वर उचलेल.

हे नुसतं म्हणून तो थांबला नाही. त्याने चेंडूला एक लांब, पातळ फीत बांधली, पीळ नसलेली, सरळ. तिचं दुसरं टोक पक्कं अडकवलं आणि चेंडू थोड्याच अंतरावरच्या ओल्या मातीत मारायला लावला. चेंडू मातीत रुतला की फितीला किती पीळ पडले ते मोजायचे. तेवढ्या अंतरात चेंडूने तेवढ्या गिरक्या घेतल्या. चेंडूचा वेग त्याने लंबकाला बसलेल्या धक्क्यावरून काढला. दोन्ही आकडे हाती आले की गिरक्यांचा दर मिळाला. वेगवान कॅमेरा नाही, रडार नाही, एक फीत आणि मातीचा गोळा. आजचं डॉपलर रडार चेंडूमागे बसून नेमकं हेच मोजतं, आणि व्यावसायिक पुरुष खेळाडूंच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबच्या, फटक्यात ही फिरकी मिनिटाला अडीच हजारांच्या पुढे भरते. ताशी 160 मैलांच्या पुढे निघालेल्या अशा चेंडूवर पहिल्या क्षणी हवेची उचल त्याच्या वजनाहून जास्त असते. सेंट अँड्र्यूजच्या गवतावर टेटला दिसलेलं ते वर वळणं भासमान नव्हतं.

टेटबद्दल एक गोष्ट मात्र फार चवीने सांगितली जाते. म्हणे, चेंडू अमुक यार्डांपलीकडे जाऊच शकत नाही असं त्याने गणिताने सिद्ध केलं, आणि त्याच्याच मुलाने, हौशी गोल्फचा पुढे दोनदा विजेता ठरलेल्या फ्रेडीने, 1893 च्या जानेवारीत 250 यार्ड चेंडू हवेतून नेऊन बापाला खोटं पाडलं. प्राध्यापकाची फजिती सगळ्यांनाच आवडते, म्हणून ही कथा टिकली. पण त्यात टेटवर अन्याय आहे. फिरकीशिवायचा हिशेब अपुरा पडतो हेच तर त्याचं म्हणणं होतं, आणि फिरकीचा विषय त्याने या फटक्याच्या कितीतरी आधी हाती घेतला होता. त्या काळी सगळे खेळाडू फिरकीला फटक्यातला दोष मानत. बराच काळ आपणही तसंच समजत होतो, हे टेटने मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. फ्रेडी 1900 मध्ये बोअर युद्धात मारला गेला आणि त्या दुःखातून न सावरता पुढच्याच वर्षी टेटही गेला. गोल्फच्या इतिहासात मुलाचं नाव विजेत्यांच्या यादीत आहे, बापाचं बहुधा या एका किश्शात. हे उलट असायला हवं होतं.

चेंडूवरच्या खळ्यांची कथाही अशीच खेळाडूंच्या नजरेपासून सुरू होते. 1848 च्या सुमारास मलायातल्या झाडांच्या गटापर्चा या चिकापासून चेंडू बनू लागले. नवा, गुळगुळीत चेंडू लवकर गळपटायचा आणि ठोके खाऊन ओरखडलेला जुना चेंडू छान जायचा. म्हणून कारागीर नव्या चेंडूवर हातोडीने खुणा करू लागले. 1905 मध्ये लेस्टरच्या विल्यम टेलर या भिंगं बनवणाऱ्या अभियंत्याने खोलगट खळ्यांसाठी पेटंट मागितलं. खळ्यांचा उपयोग का होतो, याचा पाया भौतिकशास्त्रज्ञ प्रांट्लने घातला. त्याने आदल्याच वर्षी जर्मनीत सीमास्तराची, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या पातळ थराची, कल्पना मांडली होती, आणि गोलाभोवती तारेचं कडं बसवलं की हवेचा विरोध घटतो हे त्याने 1914 मध्ये दाखवलं. गुळगुळीत चेंडूला चिकटून वाहणारी हवा अर्ध्यावरच सुटते आणि मागे रुंद खळबळ उरते. तिथला कमी दाब चेंडूला मागे ओढतो. खळ्यांमुळे ती पातळ थरातली हवा घुसळते, तिच्यात जोर येतो आणि ती चेंडूच्या पाठीपर्यंत चिकटून राहते. क्रिकेट पाहणाऱ्याला हे वेगळ्या रूपात परिचित आहे. तिरकी धरलेली शिवण चेंडूच्या एकाच बाजूची हवा अशी घुसळते, त्या बाजूला ती उशिरा सुटते आणि चेंडू स्विंग होतो. गोलंदाज जे एका बाजूला करतो, ते गोल्फचा चेंडू सगळीकडे सारखं करतो, म्हणून तो वळत नाही, लांब जातो. ड्रायव्हरच्या फटक्याच्या वेगाला खळ्या हवेचा विरोध साधारण निम्म्यावर आणतात. तरीही तो चेंडूच्या वजनाच्या दुपटीहून जास्त असतो, यावरून गुळगुळीत चेंडूची गत काय होत असेल ते कळावं.

ही समता मोडली तर काय, हा प्रयोगही झाला. 1970 च्या दशकात पोलारा नावाचा चेंडू आला. त्याच्या मधल्या पट्ट्यात नेहमीच्या खळ्या होत्या आणि बाकी भागात उथळ. ठरावीक दिशेने टीवर ठेवला की तो स्लाइस, म्हणजे उजव्या हाताच्या खेळाडूचा उजवीकडे पळणारा फटका, आपोआप आवरायचा. भौतिकशास्त्र खरं होतं. पण यूएसजीएने 1981 मध्ये नियम केला की चेंडू सर्व बाजूंनी सारखाच उडाला पाहिजे. साधनाने तंत्राची चूक झाकायची नाही, ही रेघ तिथे ओढली गेली, आणि माझ्या मते योग्य ओढली गेली.

क्लबच्या बाबतीतही रेघ ओढून झाली आहे. 200 ग्रॅमचा क्लबहेड 46 ग्रॅमच्या चेंडूवर आदळतो आणि दोघांतली उसळी 0.83 च्या वर नको, असा नियम आहे. शाळेतला संवेगाचा हिशेब करा: चेंडूचा वेग क्लबच्या वेगाच्या साधारण दीडपट येतो. चांगले ड्रायव्हर वीसेक वर्षांपासून या कुंपणाला टेकून उभे आहेत. त्यामुळे दरवर्षी नवा ड्रायव्हर दहा यार्ड जास्त देतो असं म्हणणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवायला भौतिकशास्त्रात जागा उरलेली नाही. खरी सुधारणा झाली ती चुकीच्या फटक्याला क्षमा करण्यात. कार्स्टन सोल्हाइम या अभियंत्याने 1959 पासून पटरचं, आणि पुढे आयर्नचंही, वजन मध्यातून काढून कडांना नेलं. त्यामुळे चेंडू मध्याबाहेर लागला तरी क्लबहेड कमी पिळतो. हौशी खेळाडूने साधनावर पैसे घालायचे तर ते इथे घालावेत, आणि तेही एकदाच.

मग उरलं तंत्र, आणि तिथे मोजमापाने जुनी शिकवण उलटवली. चेंडू आणि क्लब यांचा संपर्क सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका असतो. हाताला लागलेला धक्का मेंदूला कळेपर्यंत चेंडू मीटरभर तरी पुढे गेलेला असतो. त्या क्षणी मनगटाने काही दुरुस्त करता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं की चेंडू क्लब ज्या मार्गाने फिरतो त्या दिशेने निघतो. कॉक्रन आणि स्टॉब्ज यांच्या ब्रिटिश संशोधनाने 1968 मध्येच याला छेद दिला होता, पण रडार येईपर्यंत बहुतेक शिक्षकांनी मनावर घेतलं नाही. चेंडूच्या निघण्याच्या दिशेत सुमारे 75 ते 85 टक्के वाटा क्लबफेस, म्हणजे क्लबची चेंडूला लागणारी बाजू, कुठे बघतो याचा असतो. फेस आणि मार्ग यांच्यातल्या फरकामुळे बॅकस्पिनचा आस कलतो आणि चेंडू वळतो. म्हणून स्लाइस होणारा खेळाडू जेव्हा डावीकडे आणखी झोका घेतो, तेव्हा तो फरक वाढवतो आणि चेंडू जास्तच उजवीकडे पळतो. उपाय पकडीत आणि फेसमध्ये आहे, खांद्यांत नाही.

यावर आक्षेप येईल की शेवटी ताकदच जिंकते. कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकी दौऱ्यावरच्या फटक्यांची नोंद तपासून दाखवलं आहे की उत्तम आणि सामान्य व्यावसायिकांतला दोन तृतीयांश फरक लांबच्या फटक्यांतून येतो, पटिंगमधून फक्त 15 टक्के. हे मान्यच करायला हवं. पटिंगवर सगळं ठरतं ही समजूत आता टिकत नाही. पण त्याच आकड्यांत ड्राइव्हचा वाटा 28 टक्के आहे आणि ग्रीनकडे मारलेल्या फटक्यांचा 40, आणि हे फटके अचूक अंतराचे असतात, दांडगाईचे नसतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची अदिती अशोक महिलांत चौथी आली, कांस्यपदकापासून एका फटक्यावर. ड्राइव्हच्या लांबीत अदिती तिथे बरीच मागे होती आणि पटिंगमध्ये अगदी आघाडीवर. एका स्पर्धेवरून नियम काढता येत नाही, पण कमी लांबीवरही किती वर जाता येतं हे त्यातून दिसलं.

त्याहून बोलका पुरावा महिला व्यावसायिकांच्या सरासरीत आहे. रडारच्या काही वर्षांपूर्वीच्या नोंदींप्रमाणे त्यांच्या ड्रायव्हरचा वेग ताशी 94 मैलांच्या आसपास असतो, आणि सर्वसाधारण हौशी पुरुषाचाही जवळपास तेवढाच. तरीही त्यांचा चेंडू हवेतूनच 218 यार्ड जातो, तर त्या पुरुषाचा घरंगळून थांबेपर्यंत सुमारे तेवढाच. वेग एकच, मग फरक कुठून आला? त्या क्लब किंचित वर चढत असताना चेंडू मारतात, हौशी पुरुष खाली उतरत असताना, आणि त्यांचा चेंडू फेसच्या मध्यावर जास्त वेळा लागतो. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत, टी थोडी उंच, हा बदल फुकट आहे. फेसवर पावडरचा फवारा मारून दहा चेंडू मारले की चेंडू कुठे लागतो तेही दिसतं, आणि ते दिसल्यावर पुढचा सराव नेमका होतो.

लॉफ्ट, म्हणजे क्लबफेसचा मागे झुकलेला कोन, निवडताना मात्र टेटचं म्हणणं ऐकावं. मोठे खेळाडू नऊ अंशांचा ड्रायव्हर वापरतात म्हणून हौशी खेळाडूही तोच घेतो. पण कमी वेगाच्या चेंडूला उचल मिळायला जास्त उंच निघणं आणि पुरेशी बॅकस्पिन हवी. ती कमी लॉफ्टने मिळत नाही. शिवाय बॅकस्पिन जितकी कमी, तितका फेसच्या तेवढ्याच चुकीने आस जास्त कलतो. वेजने स्लाइस क्वचित होतो आणि ड्रायव्हरने हटकून, याचं कारण हेच. म्हणून बेताच्या वेगाच्या खेळाडूने साडेदहा किंवा बारा अंशांचा ड्रायव्हर घ्यावा. त्याचा चेंडू बहुधा लांबही जाईल आणि सरळही.